दहा दिवस शेक घेतला, गुडघा तसाच

पत्र

माझं वय ६१. दोन वर्षांपासून उजवा गुडघा दुखतो, आता डावाही अधूनमधून कुरकुरायला लागलाय. सकाळी उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं आखडलेला असतो, मग हळूहळू सुटतो. चढताना एक वेळ चालतं, पण जिना उतरताना कठडा सोडत नाही. एक्स-रे काढला तर 'ग्रेड ३' आलं. गॅप कमी झालीय, झीज आहे, असं सांगितलं. फिजिओथेरपीला दहा दिवस गेले. रोज शेक, मग करंट, मग जेल लावून फिरवायचं एक मशीन. शेवटच्या दिवशी एक कागद दिला, त्यावर पाच व्यायामांची चित्रं. घरी आल्यावर सगळे एकदम केले. रात्री गुडघा ठणकला, म्हणून दुसऱ्या दिवसापासून बंद. मिस्टर म्हणतात, आहे तेवढा गुडघा जपून वापर, उगाच चालू नकोस. बहीण म्हणते, रोज दहा हजार पावलं चाल. मुलगा म्हणतो, सरळ ऑपरेशन करून मोकळी हो. फिजिओथेरपीचा खरंच उपयोग होतो का, की नुसता वेळ जातो?

उत्तर

ताई, नमस्कार.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. उपयोग होतो. मात्र तुमच्या दहा दिवसांतला खरा उपचार त्या कागदावर होता, आणि तो तुम्हाला निघता निघता मिळाला. तोवर मशीनं चालू होती आणि तुम्ही पलंगावर पडून होतात. मांडीच्या स्नायूंना काम पडेल असं त्या दहा दिवसांत काही घडलंच नाही. मग जिना उतरताना फरक पडणार कुठून?

तुम्हाला वाटेल ही बाई स्वतः फिजिओ असून आपल्याच व्यवसायातल्या लोकांवर उगाच घसरतेय. तसं नाही. ब्रिटनमध्ये नाइस नावाची संस्था डॉक्टरांसाठी उपचारांच्या सूचना काढते. ऑस्टिओआर्थ्रायटिसबद्दल, म्हणजे तुम्हाला झालेल्या झिजेच्या संधिवाताबद्दल, तिनं २०२२ मध्ये स्पष्ट लिहिलं की प्रत्येक रुग्णाला त्याच्या त्रासानुसार आखलेला व्यायाम द्या. त्याच सूचनांत अल्ट्रासाऊंड, टेन्स, इंटरफेरन्शियल, लेझर ही यंत्रं या दुखण्यासाठी देऊ नका असंही आहे, कारण त्यांनी फायदा होतो म्हणायला पुरेसा पुरावा नाही. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९ मध्ये गुडघ्यासाठी टेन्स वापरू नये, असं आणखी ठासून सांगितलं. तुमचा 'करंट' बहुधा टेन्स नाहीतर इंटरफेरन्शियल असणार, आणि जेलवालं मशीन म्हणजे अल्ट्रासाऊंड.

शेकाला माझी हरकत नाही. शेकल्यानं बरं वाटतं, गुडघा थोडा सुटतो, व्यायामाला लागायला धीर येतो. पण तो घरी गरम पाण्याच्या पिशवीनंही होतो, त्यासाठी कुठे जायची गरज नाही. मग एवढी मशीनं लावतात का? एक कारण अगदी साधं आहे. मशीन एका वेळी चार जणांना लावता येतं. व्यायाम शिकवायचा तर एकेका माणसासमोर उभं राहावं लागतं, त्याचं उठणं-बसणं बघावं लागतं, चुकलं की हात लावून सुधारावं लागतं. शिवाय पेशंटलाही मशीन लावलं की काहीतरी घडतंय असं वाटतं. 'नुसते व्यायाम सांगितले' ही तक्रार मी आजवर खूप ऐकलीय. 'नुसतंच मशीन लावलं' अशी तक्रार घेऊन येणारं माणूस विरळा. त्या हिशोबानं तुमचं पत्र मला आवडलं.

आता मिस्टरांचं म्हणणं. जपून वापरलं की जास्त टिकेल, हा हिशोब निर्जीव वस्तूला लागू पडतो. गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, जिवंत असते. तिला रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण होतं ते सांध्यातल्या वंगणातून, आणि ते वंगण तिच्यात मुरतं ते गुडघ्यावर भार पडून सुटला की. स्पंज दाबला आणि सोडला की पाणी शोषतो, तसंच काहीसं. भार पडायचा बंद झाला तर ही ये-जाही मंदावते. त्याहून मोठं नुकसान स्नायूंचं होतं. गुडघा दुखतो म्हणून माणूस कमी चालतं, कमी चालल्यानं मांडीचा पुढचा स्नायू सुकतो. पाऊल टेकताना बसणारा धक्का हाच स्नायू झेलत असतो. तो कमजोर पडला की धक्का थेट सांध्यात जातो, गुडघा आणखी दुखतो आणि माणूस आणखी बसून राहतं. त्यात गुडघ्यात पाणी झालं असेल तर मज्जासंस्थाच त्या स्नायूला जाणारा हुकूम आखडता घेते, म्हणजे इच्छा असूनही तो पुरा आवळला जात नाही. सुजेच्या दिवसांत गुडघा 'लचकल्यासारखा' किंवा 'दगा दिल्यासारखा' वाटतो तो पुष्कळदा यामुळे.

जिना उतरताना जास्त त्रास होतो असं तुम्ही लिहिलंत, त्याचंही मूळ इथंच आहे. उतरताना वरच्या पायाचा गुडघा वाकत जातो आणि मांडीचा स्नायू लांबत लांबत अख्ख्या शरीराला ब्रेक लावतो. हे चढण्यापेक्षा अवघड काम. कमजोर स्नायूला ब्रेक जमत नाही, मग वजन शेवटी धाडकन खाली येतं.

ग्रेड ३ चं दडपण तुमच्या पत्रात ओळीओळीत दिसतं. ही प्रतवारी केलग्रेन आणि लॉरेन्स या दोन डॉक्टरांनी १९५७ मध्ये मांडली, ० ते ४ अशी. एक्स-रेच्या सावलीत हाडांमधली जागा किती उरलीय, कडेला हाड किती वाढलंय, एवढंच ती सांगते. तुम्हाला किती दुखेल, किती चालता येईल, हे तिच्यात लिहिलेलं नसतं. फोटोत बरीच झीज असून मजेत फिरणारे लोक असतात आणि फोटो जवळपास चांगला असून रात्र रात्र न झोपणारेही असतात. कूर्चेला स्वतःला वेदना कळतच नाही, तिच्यात नसा नसतात. दुखतं ते तिच्याखालचं हाड, सांध्याचं अस्तर, आजूबाजूचे पडदे आणि स्नायूबंध. त्यातलं बरंचसं सूज उतरली, स्नायू सुधारले की शांत होतं, फोटो तसाच राहिला तरी. खरं तर नाइसच्या सूचनांप्रमाणे वय ४५ किंवा त्याहून जास्त, हालचालीनं वाढणारं दुखणं आणि सकाळचा ताठरपणा नसलेला किंवा अर्ध्या तासाच्या आत सुटणारा, एवढ्यावर हे निदान एक्स-रेशिवाय करता येतं. तुमचं वर्णन यात चपखल बसतं. म्हणून दर सहा महिन्यांनी नवीन फोटो काढून गॅप मोजत बसू नका.

त्या ठणकलेल्या रात्रीकडे वळते. व्यायाम सोडून देणारे बहुतेक जण अशाच एका रात्रीनंतर सोडतात.

महिनोन् महिने काम न केलेल्या स्नायूंनी एका संध्याकाळी पाच व्यायाम केले तर अंग कुरकुरणारच. सुरुवातीला दुखणं थोडं वाढू शकतं, हे आम्ही आधी सांगायला हवं. तुम्हाला कुणी सांगितलं नाही, म्हणून तुम्हाला वाटलं गुडघा आणखी झिजला. तसं झालेलं नाही. प्रमाण चुकलं, इतकंच. ते प्रमाण ठरवायला एक पट्टी वापरा. डोक्यात ० ते १० अशी मोजपट्टी धरा. ० म्हणजे काहीच दुखत नाही, १० म्हणजे सहन होणार नाही असं. व्यायाम करताना दुखणं २ पर्यंत असेल तर निर्धास्त करत राहा. २ ते ५ च्या दरम्यान असेल तरी चालतं. ५ च्या वर गेलं तर त्या दिवशी कमी करा किंवा सोपा प्रकार घ्या. दुसरी तपासणी दुसऱ्या दिवशी. चोवीस तासांच्या आत दुखणं नेहमीच्या पातळीवर उतरलं का? उतरलं तर डोस बरोबर होता. उतरलं नाही, किंवा गुडघा भरून आला, तर पुढच्या वेळी आवर्तनं कमी करायची. कमी करायची; बंद करायची नाहीत. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून गुडघा आणि खुब्याच्या झिजेसाठी ग्लॅड नावाचा कार्यक्रम चालतो, आता तो इतर देशांतही गेलाय. दोन वेळा समजावून सांगणं आणि सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, फिजिओच्या देखरेखीखाली व्यायाम. त्यात अशीच पट्टी वापरतात.

पाचही व्यायाम मी इथं लिहीत बसणार नाही, कारण तुमचा गुडघा मी पाहिलेला नाही. पण एक नीट सांगते, कारण तो जवळपास प्रत्येकाला लागतो आणि जवळपास प्रत्येक जण चुकीचा करतो. खुर्चीवरून उठणं आणि बसणं.

हात नसलेली, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा किंचित खालीच राहायला हवेत. तसं नसेल तर बैठकीवर जाड उशी ठेवून उंची वाढवा. अर्ध्या बैठकीपर्यंत पुढे सरका. पावलं खांद्यांइतकी लांब, टाचा गुडघ्याच्या थोड्या मागे, तळवे पूर्ण टेकलेले. आता कमरेतून पुढे वाका, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत. घाबरून लोक इथंच मागे राहतात आणि मग उठायला मांडीवर हात रेटावे लागतात. पुढे वाकलात की टाचा जमिनीत दाबा आणि उठा. वर आल्यावर गुडघे सरळ, नितंब आवळलेले. मग बसताना मनात एक ते चार मोजत हळूहळू खाली या. शेवटच्या चार बोटांच्या अंतरात बहुतेक जण अंग सोडून देतात आणि धप्पकन बसतात. ते टाळा. या व्यायामाचा अर्धा फायदा त्या चार बोटांत आहे. जिना उतरताना लागणारा ब्रेक तो हाच.

दोन चोरवाटा आहेत, त्यांच्यावर लक्ष ठेवा. पहिली म्हणजे दुखरा पाय नकळत पुढे सरकवून सगळं वजन बऱ्या पायावर घेणं. माणसाला पत्ताही नसतो आपण हे करतोय. समोर आरसा असेल तर पावलं एका रेषेत आहेत का ते दिसेल. दुसरी म्हणजे उठताना गुडघे आतल्या बाजूला एकमेकांकडे झुकणं. गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहायला हवी. राहत नसेल तर कमरेच्या बाजूचे, म्हणजे कुल्ह्याचे स्नायू कमजोर आहेत. त्यांचा व्यायाम वेगळा घ्यावा लागेल. गुडघ्याच्या दुखण्यात कुल्हा विसरणं ही आमच्याकडची नेहमीची चूक.

सुरुवातीला आठ-दहा वेळा, मग दोन मिनिटं दम, पुन्हा तेवढेच. आठवड्यातून तीनदा, मध्ये एक दिवस सोडून. मधल्या दिवशी स्नायू भरून निघतात, म्हणून तो दिवस वाया गेला असं समजू नका. आणि एक महत्त्वाचं. शेवटची दोन-तीन उठणी जड जायला हवीत. दहाही आरामात होत असतील तर तो व्यायाम नाही, नुसती हालचाल आहे. मग उशी काढा. तेही सोपं झालं की हात छातीशी घ्या. नंतर दुखरा पाय किंचित मागे ठेवा म्हणजे त्याच्यावर जास्त वजन येईल. महिनोन् महिने तोच व्यायाम, तेवढ्याच वेळा, असं बरेच लोक करतात आणि फरक पडत नाही म्हणतात. स्नायूला रोज झेपतं तेवढंच दिलं तर तो वाढेल कशाला?

प्रगती मोजायलाही हीच खुर्ची वापरा. हात छातीशी, घड्याळ लावून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता येतं ते मोजा आणि लिहून ठेवा. आम्हीही दवाखान्यात हीच चाचणी घेतो. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मोजा. दुखण्याला चांगले-वाईट दिवस असतात, त्यामुळे 'फरक आहे का' या प्रश्नाला मन रोज वेगळं उत्तर देतं. आकडा तसं करत नाही.

बाकीच्या व्यायामांबद्दल थोडक्यात. पाय सरळ ताणून गुडघ्याखालचा टॉवेल दाबणं हा सुजेच्या दिवसांतला चांगला व्यायाम आहे, पण तिथंच अडकू नका. त्यानं जिना सुधारत नाही. कमी उंचीच्या पायरीवर चढणं-उतरणं, कठड्याला धरून टाचा उचलणं, कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं, यांतलं काय आणि कधी, हे तपासून ठरवू द्या. तपासताना गुडघा पूर्ण सरळ होतो का ते जरूर बघायला सांगा. झीज झालेला गुडघा हळूहळू किंचित वाकलेला राहू लागतो, आणि वाकलेल्या गुडघ्यावर उभं राहायचं तर मांडीचा स्नायू सतत आवळलेला ठेवावा लागतो. रात्री गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायची सवय असेल तर सोडा. बरं वाटतं हे खरं, पण गुडघा त्याच कोनात आखडत जातो.

चालण्याचं काय? मिस्टर आणि बहीण दोघंही टोकं गाठतात. दहा हजार हा आकडा वैद्यकातून आलेला नाही, १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून तो आला. त्याच्या मागे लागायचं कारण नाही. आज किती चालल्यावर गुडघा पट्टीवर ५ ला पोचतो ते बघा आणि त्याच्या अलीकडे थांबा. समजा बारा मिनिटांनी पोचत असेल तर दहा मिनिटं चाला, दिवसातून दोनदा. आठवड्याला एक-दोन मिनिटं वाढवा. चालणं आणि स्नायूंचा व्यायाम एकमेकांना पर्याय नाहीत. 'मी रोज चालते, मग वेगळा व्यायाम कशाला' असं विचारणाऱ्यांना मी खुर्चीवरून हात न लावता उठून दाखवायला सांगते. चालणं फारच जड जात असेल तर स्थिर सायकल किंवा पाण्यातला व्यायाम घ्या. पाण्यात वजन हलकं होतं आणि स्नायूंना कामही मिळतं.

काठीची लाज वाटत असेल तर ती बाजूला ठेवा, काठी हातात घ्या. ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. तुमचा उजवा गुडघा जास्त दुखतो, म्हणजे डाव्या हातात, आणि उजव्या पायाबरोबर पुढे टाकायची. टीव्हीवरच्या मालिकांत हमखास उलटी दाखवतात. जिन्यावर चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. दोन्ही पाय एका पायरीवर घेत गेलात तरी चालेल. मांडीत ताकद येईपर्यंतची ही सोय आहे. नी कॅपनं ऊब आणि धीर मिळत असेल तर बाहेर पडताना घाला. तिनं गुडघा बरा होत नाही, तसा बिघडतही नाही. जमिनीवर किंवा उकिडवं बसणं सध्या टाळलेलं बरं. तिथून उठता येईल एवढी ताकद आल्यावर तुम्हीच ठरवा.

वजनाबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही आणि मी गृहीत धरत नाही. जास्त असेल तर एवढंच लक्षात ठेवा की वजन १ किलोनं उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोनं कमी होतो, हे २००५ च्या एका अमेरिकी अभ्यासात मोजलं गेलं आहे. दिवसभरात टाकलेली पावलं धरा, म्हणजे दोन-तीन किलोंचाही अर्थ कळेल. बारीक असाल तर हा परिच्छेद विसरून जा.

गोळ्यांच्या आधी गुडघ्यावर लावायचं वेदनाशामक जेल वापरून बघा, गुडघ्याला त्याचा चांगला उपयोग होतो. पोटातून घ्यायच्या वेदनाशामक गोळ्या मनानं घेत राहू नका. ब्लड प्रेशर, मूत्रपिंड किंवा पोटाचा त्रास असेल तर त्या महागात पडतात.

इंजेक्शनाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण आज ना उद्या कुणीतरी सुचवेलच. अमेरिकेत १५६ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०२० मध्ये आला. अर्ध्यांना गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन, अर्ध्यांना फिजिओथेरपी. वर्षानंतर फिजिओथेरपीच्या गटाचं दुखणं आणि हालचाल दोन्ही जास्त सुधारलेलं होतं. २०१७ च्या दुसऱ्या एका अभ्यासात दर तीन महिन्यांनी दोन वर्षं स्टिरॉइड दिलेल्यांची कूर्चा, नुसतं मिठाचं पाणी दिलेल्यांपेक्षा जास्त पातळ झाली आणि दुखण्यात फरक दिसला नाही. फार सुजलेला गुडघा शांत करायला एखादं इंजेक्शन घ्यावं लागलं तर घ्या, त्याची सवय लावून घेऊ नका. दुर्बिणीनं गुडघा 'साफ' करून घ्यायचा सल्ला मिळाला तर मात्र दोनदा विचार करा. झिजेच्या दुखण्यावर ती शस्त्रक्रिया खोट्या, म्हणजे नुसता काप देऊन टाके घातलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा सरस ठरत नाही, हे २००२ मध्येच दिसून आलंय.

आणि मुलाचं म्हणणं. सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया चांगली आहे, मी तिच्या विरोधात नाही. २०१५ मध्ये डेन्मार्कमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सांधा बदलायला पात्र ठरलेले १०० रुग्ण. ५० जणांना शस्त्रक्रिया आणि त्यानंतर व्यायाम, आहार वगैरेंचा बारा आठवड्यांचा कार्यक्रम. उरलेल्या ५० जणांना फक्त तो कार्यक्रम. वर्षानंतर दोन्ही गट सुधारले होते, पण शस्त्रक्रियेच्या गटाची सुधारणा जवळपास दुप्पट होती. गंभीर त्रास मात्र त्या गटात २४ नोंदवले गेले, दुसऱ्यात ६. आणि फक्त व्यायामाच्या गटातल्या ५० पैकी १३ जणांनी वर्षभरात शस्त्रक्रिया करून घेतली, बाकीच्यांना त्या वर्षी ती लागली नाही. मुलाला हे आकडे दाखवा. शस्त्रक्रिया जास्त आराम देते, जास्त धोकाही देते, आणि तुम्ही अजून पहिली पायरीच नीट चढलेला नाहीत. तीन महिने व्यवस्थित व्यायाम करूनही रात्रीची झोप मोडत असेल, घरातल्या घरात फिरणं मुश्किल झालं असेल, तर सर्जनना जरूर भेटा. तेव्हा ग्रेडपेक्षा तुमचं रोजचं जगणं किती अडतंय यावर निर्णय घ्या. आणि शस्त्रक्रियेनंतरही मांडीचे हेच व्यायाम करावे लागतात, म्हणून आताचे तीन महिने वाया जाणार नाहीत.

व्यायामानं चमत्कार होईल असं मी म्हणणार नाही. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात कितीतरी चाचण्यांचा हिशोब एकत्र मांडला, तेव्हा शंभराच्या पट्टीवर दुखणं सरासरी १२ गुणांनी कमी झालेलं दिसलं आणि व्यायाम संपल्यावर तो फायदा काही महिने टिकला. २०२४ मध्ये त्यात आणखी चाचण्यांची भर पडली तेव्हा सरासरी फायदा आणखी थोडा कमी भरला. म्हणजे सरासरी माणसाचं दुखणं उतरतं, जात नाही. काहींना फार उतार पडतो, काहींना जेमतेम. तरी मी हेच आधी करायला सांगते, कारण यात गमावण्यासारखं फारच थोडं आहे, आणि दुखणं जरा कमी होऊन जिना जमला तर बाहेर पडणं सुरू होतं, तोल सुधारतो, पडण्याची भीती कमी होते. मात्र व्यायाम थांबवला की फायदा ओसरतो. पुढेही आठवड्यातले निदान दोन दिवस कायमचे या कामाला द्यावे लागतील, हे आधीच सांगून ठेवते.

काही गोष्टींत मात्र व्यायामाची वाट बघू नका, आधी डॉक्टर गाठा. गुडघा अचानक लाल, गरम झाला आणि ताप आला. पडल्यावर पायावर वजनच घेता येईना. गुडघा मध्येच अडकून सरळ होईना. हालचालीशी संबंध नसलेलं, रात्री न थांबणारं दुखणं सुरू झालं. किंवा एका पायाची पोटरी एकाएकी सुजून दुखायला लागली. सकाळचा ताठरपणा तास-तासभर राहू लागला, हातांचे सांधेही सुजले, तर ती झीज नसून दुसरा संधिवात असू शकतो.

आता पुन्हा फिजिओकडे जा, त्याच किंवा दुसऱ्या. पहिल्याच दिवशी विचारा की मला व्यायाम समोर उभं राहून शिकवणार का, आणि ते दर आठवड्याला वाढवणार कोण. उत्तर 'आधी दहा दिवस मशीन लावू' असं आलं तर नम्रपणे दुसरा पत्ता शोधा. जाताना गुडघ्याच्या वर सरकवता येतील असे सैल कपडे घाला, पायात रोज वापरता तीच चप्पल किंवा बूट असू द्या, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी बरोबर न्या. तो पाच चित्रांचा कागदही घेऊन जा. त्यातले कुठले व्यायाम आता लगेच आणि कुठले महिन्यानं, तेवढ्या खुणा त्याच्यावर करून घ्या.